मोटारमालकाची कैफियत

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यापाठोपाठ दसरा आला, आणि झेंडूचा हार, बॉनेटवरचे कुंकवाचे स्वस्तिक व पुढच्या चाकांखालची लिंबे अशा नेहमीच्या सरंजामात जालना जिल्ह्यातील कितीएक कुटुंबांच्या दारी पहिलीवहिली मोटार येऊन उभी राहिली. पेढे वाटले गेले, शेजाऱ्यांनी ‘लाभो’ म्हटले, आणि ज्यांच्या दारी मोटार येऊन काही वर्षे लोटली आहेत अशांनी पेढा तोंडात टाकून नव्या मालकाकडे किंचित कणवेने पाहिले. मोटार ही चैनीची वस्तू असल्यामुळे तिच्या धन्याने गाऱ्हाणे सांगू नये, ज्याला पेट्रोल परवडते त्याने रडू नये, असा एक सभ्य संकेत आपल्या समाजात रूढ आहे. आणि या संकेतामुळेच मोटारमालकाची कैफियत आजवर गॅरेजमधल्या बाकड्यावर आणि पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर, अर्ध्या आवाजात, सांगितली जात आली आहे.

हा संकेत आम्हाला मान्य नाही. तो का मान्य नाही हे कळण्यासाठी जाफराबाद, मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील एखाद्या मध्यम स्थितीच्या गृहस्थाला, तू मोटार का घेतलीस, एवढेच विचारले तरी पुरे. कापसाचे नाहीतर मोसंबीचे चार पैसे, शाळेतला किंवा पतसंस्थेतला पगार आणि बँकेचे कर्ज यांच्या बेरजेतून त्याने जी मोटार उभी केली, ती हौसेपेक्षा धास्तीने घेतलेली असते. आईच्या छातीत रात्री कळ आली तर जालन्यापर्यंत आणि वेळ पडल्यास तिथून पुढे संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत कसे पोहोचायचे. मुलीची परीक्षा सकाळी नऊला परगावी असेल तर तिला आदल्या दिवशी कोणाकडे मुक्कामाला धाडायचे. जिल्हा न्यायालयात तारीख असून पुकारा दिवेलागणीच्या सुमारास झाला तर परतीची गाडी मिळायची की बसस्थानकाच्या फरशीवर रात्र काढायची. या प्रश्नांना त्याने स्वतःच्या ऐपतीबाहेर जाऊन दिलेले उत्तर म्हणजे ती मोटार होय. पुण्यामुंबईचा मोटारमालक वाहनांच्या गर्दीने त्रासलेला असतो, कारण त्याच्याभोवती वाहने फार आहेत. आमच्याकडचा मोटारमालक मालक झाला तोच मुळी हाताशी दुसरे वाहन नव्हते म्हणून.

सार्वजनिक वाहनाची सवय या प्रदेशाला नवी नव्हे. निजामाच्या राज्यात रेल्वेच्याच अखत्यारीत जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या व १६६ नोकर यांनिशी सडक-वाहतुकीचे खाते उघडण्यात आले, म्हणजे पुणे ते अहमदनगर या मार्गावर १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याची पहिली एस. टी. धावली त्याच्या सोळा वर्षे आधी. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६१ मध्ये इथली वाहतूक व्यवस्था महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात समाविष्ट झाली, आणि ‘रस्ता तेथे एस. टी.’ या ब्रीदावर विसंबून दोन पिढ्यांनी आपले संसार, बाजारहाट, सोयरिकी आणि शिक्षणे उरकली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला, आज त्याचे आठ तालुके आहेत. परंतु जालना विभागात एस. टी.ची आगारे मात्र चारच, जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद, आणि दिवेलागणीनंतर आडमार्गाच्या गावाला गाडी मिळणे हा नशिबाचा भाग होऊन बसला आहे. त्यातच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळलेला तो संप आला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या न्याय्य होत्या की नव्हत्या हा निराळा विषय आहे, आणि त्यांच्या पगाराचे आकडे पाहिले असता त्यांच्याविषयी कठोर बोलवत नाही. परंतु त्या जवळजवळ सहा महिन्यांत काळीपिवळीत माणसावर माणूस रचून ज्यांनी प्रवास केला, त्यांच्यापैकी अनेकांनी त्याच वेळी मनाशी ठरवून टाकले की जुनीपानी का होईना, आपली चारचाकी असली पाहिजे. सरकारने एक गाडी काढून घेतली की रयतेला दहा गाड्या घ्याव्या लागतात, हे अर्थशास्त्र कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेले आढळत नाही.

बरे, असा हा धास्तीने झालेला मालक सुखाने नांदतो म्हणावे, तर मोटारीबरोबर तिचे दप्तर घरात येते, आणि मोटार कधीमधी तरी उभी राहते, दप्तर मात्र अखंड चालू असते. गाडी दुकानातून हलण्यापूर्वीच राज्य शासनाचा एकरकमी कर भरावा लागतो, जो पेट्रोलच्या गाडीस किमतीच्या ११ टक्क्यांपासून आणि डिझेलच्या गाडीस १३ टक्क्यांपासून सुरू होऊन किमतीबरोबर चढत जातो. पुढच्या सगळ्या वर्षांचा कर पहिल्याच दिवशी आगाऊ वसूल करणारे दुसरे खाते आमच्या माहितीत नाही. शेतसारासुद्धा सालोसाल घेतला जात असे आणि अवर्षणात त्याला सूट मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्यात वाईट काही नाही, कारण रस्त्यावर चिरडल्या गेलेल्या माणसाच्या वारसांना भरपाई मिळावी हीच त्यामागची भूमिका आहे. प्रदूषण तपासणीचा दाखला वेळेवर घ्यावा हेही योग्यच, मग त्या टपरीत नळी धुराड्यात नीट घातली जाते की नुसता नंबरपाटीचा फोटो काढून कागद छापला जातो, याची चौकशी आपण करू नये. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी बसविण्याचे फर्मान निघाले, त्याची पहिली मुदत मार्च २०२५ अखेरची होती, ती पुढे पुनःपुन्हा वाढविण्यात आली, आणि ज्यांनी पहिल्या मुदतीच्या धाकाने रांगा लावून, चारचाकीचे ७४५ रुपये व वर कर भरून, पाटी बसवून घेतली ते आज्ञाधारक लोक शेजाऱ्याच्या जुन्या पाटीकडे पाहून काय विचार करत असतील, हे सरकारने एकदा स्वतःशी ताडून पाहावे. पंधरा वर्षे झालेली मोटार पुन्हा नोंदवायची तर पूर्वी सहाशे रुपये शुल्क होते, १ एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले.

सातबाऱ्यावर चढलेला बोजा उतरविण्यासाठी तलाठ्याच्या दारी ज्याने जोडे झिजविलेले आहेत, त्याला मोटारीच्या नोंदणीपुस्तकावरचा बोजा नव्याने समजावून सांगावा लागत नाही. कर्ज काढताना धनकोचे नाव पुस्तकावर चढते ते बसल्या जागी, दुकानाचाच माणूस सह्या घेऊन जातो. पण कर्ज फिटल्यावर ते नाव उतरविण्याची उठाठेव सर्वस्वी ऋणकोची. ना-हरकत दाखला आणावा, नमुना ३५ वर धनकोची सही-शिक्का घ्यावा, तो मुदतीत परिवहन कार्यालयात रुजू करावा. आमच्या स्वतःच्या गाडीचे हप्ते फिटल्यावर संबंधित संस्थेने दाखला धाडला, तो आमच्या आडनावातले एक इंग्रजी अक्षर गाळून. आणि ते एक अक्षर परत मिळविण्यासाठी जालन्याची शाखा पुण्याकडे, पुणे मुंबईकडे आणि मुंबई पुन्हा जालन्याकडे बोट दाखवीत राहिली. आता बरेचसे काम घरबसल्या संगणकावर होते असे सांगतात, आणि ते खरेही आहे. फक्त त्यासाठी येणारा सांकेतिक क्रमांक, ज्याला आता सगळेच ओटीपी म्हणतात, तो त्या मोबाइलवर जातो जो गाडी घेतली त्या दिवशी घाईघाईत कोणीतरी अर्जावर लिहिलेला असतो. पुष्कळदा तो दुकानातल्या पोराचा निघतो, आणि ते पोर आता चाकणला नोकरीला असते.

परंतु या दप्तरातला खरा विंचू हस्तांतरणाच्या कागदाखाली बसलेला असतो, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. तालुक्याच्या गावी जुनी मोटार विकली जाते ती बहुधा चहाच्या टपरीवर, मुद्रांकाच्या कागदावर चार ओळी लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन. ‘बाँडवर गाडी दिली’ एवढे म्हटले की देणारा निर्धास्त होतो आणि घेणारा किल्ली फिरवून निघून जातो. बाँड कपाटात जातो, नोंदणीपुस्तकावरचे नाव जिथल्या तिथे राहते, आणि वर्षा-दोन वर्षांत तीच मोटार भोकरदनहून सिल्लोडला, सिल्लोडहून आणखी कुठे, अशी तीन धन्यांच्या हातून फिरलेली असते. मोटार वाहन अधिनियमाच्या ५० व्या कलमाप्रमाणे व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणाची खबर नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते. नमुना २९ आणि ३० म्हणून जे अर्ज एजंटाच्या टेबलावर गठ्ठ्याने पडलेले दिसतात ते याचसाठी. ती खबर न दिल्यास काय ओढवते हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात निःसंदिग्ध शब्दांत सांगून ठेवले आहे. २००७ साली विकलेली आणि त्यानंतर एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलेली ती मोटार होती, अपघात झाला २००९ साली, गाडीचा विमा नव्हता. आणि न्यायालयाने सांगितले की नोंदणीपुस्तकावर ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, मग त्याने गाडी दोन वर्षांत डोळ्यांनीही पाहिलेली नसो, भरपाईची जबाबदारी त्याचीच. प्रथमदर्शनी हा निकाल कठोर वाटतो, परंतु आमच्या मते तो रास्त आहे, कारण ज्या घरातला मुलगा गेला त्या घरच्या माणसांनी चौथ्या-पाचव्या खरेदीदाराचा माग काढीत गावोगाव हिंडावे, अशी अपेक्षा कोणताही न्यायाधीश करू शकणार नाही.

तेव्हा ज्यांनी आपली जुनी मोटार बाँडवर दिलेली आहे, त्यांनी आपला बाँड कपाटातून काढून त्याच्यावर फार भरवसा न ठेवता, गाडी आज कोणाच्या नावावर आहे ते परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. दुसऱ्याने मोडलेल्या सिग्नलचे चलान आपल्या मोबाइलवर येते तोवर प्रकरण विनोदाचे असते.

विम्याविषयी एकच गोष्ट. पाच वर्षे दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट मिळते, आणि ही सूट हातची जाऊ नये म्हणून आमच्याकडचा शहाणा मालक मोटारीला खरचटले, बंपर फाटला, आरसा तुटला, तरी डेंटिंगवाल्याला रोख पैसे मोजून मोकळा होतो. वर्षानुवर्षे विमा भरायचा आणि तो वापरावा लागू नये म्हणून खिशातून खर्च करायचा, ही तपश्चर्या परदेशी माणसाला सांगूनही पटणार नाही.

रस्त्यांविषयी एवढे लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचा संकोच वाटतो. पण आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांचे दुखणे नुसते ठेकेदाराच्या माथी मारून भागत नाही. खाली काळी, चिकण माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर पुरेसा मुरूम-खडीचा थर न देता ओतलेले डांबर दोन पावसाळ्यांत कडेने खचू लागते. त्यावरून औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांकडे भंगार नेणारे आणि तिथून सळया घेऊन निघणारे मालमोटारींचे तांडे जातात. खड्डा हा निदान दिसतो तरी. गतिरोधक दिसत नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण वाहतुकीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी जास्तीत जास्त १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून विनातक्रार जावी; आमच्या गावोगावचे गतिरोधक हातभर रुंद आणि गुडघ्याला लागतील असे असतात, त्यांवर पट्टे नसतात, अलीकडे पाटी नसते, आणि लहान मोटारीचे पोट त्यांवर घासले की आत बसलेल्या सर्वांचे प्राण कंठाशी येतात. तरीही त्यांच्यावर सरसकट तोंडसुख घेण्याआधी हे ध्यानात घ्यावे की यातला जवळजवळ प्रत्येक उंचवटा कोणाच्या तरी लेकराच्या अपघातानंतर, गावकऱ्यांनी रस्ता रोखल्यावर, रातोरात घातलेला असतो. बांधकाम खात्याने वेळेवर नियमाप्रमाणे गतिरोधक घातला असता तर गावाला आपल्या हाताने भिंत घालावी लागली नसती.

गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीच्या प्रवासात आणखी एक भर पडते. गोदाकाठच्या अंबड-घनसावंगी भागात, शहागड-वडीगोद्रीच्या वाटेवर, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने शिगोशीग भरून चाललेल्या असतात; मागे दिवा नाही, लाल परावर्तक पट्टी असलीच तर ती लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेली. समोरून प्रखर दिव्यांची गाडी आली आणि डोळे दिपले की ती ट्रॉली दिसते ती अगदी अंगावर आल्यावर. एका पट्टीची किंमत काय असते? साखर कारखान्यांनी मनावर घेतले तर फाटकात शिरणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला ती उसाच्या वजनाबरोबर लावता येईल.

आणि याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मोकळा झाला, मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळाली, आणि जालन्याचा माणूस सकाळी निघून नागपुरात काम उरकून रात्री घरी परतू लागला. ही सोय मोठी आहे, तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ज्या टायरांनी आयुष्यभर ताशी चाळीसने खड्डे पार केले, त्यांवर उन्हाळ्यातल्या तापलेल्या काँक्रीटवरून तासन्‌तास तो वेग लादला की काय होते, हे पुष्कळांना फार उशिरा कळले. घासलेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशद्वाराशीच अडविण्याची वेळ परिवहन खात्यावर आली ती उगाच नव्हे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, ते ठिकाण आमच्या जिल्ह्यापासून फार दूर नाही. वेगाच्या मार्गावर जायचे तर टायरांतील हवा मोजून घ्यावी आणि स्टेपनीही तपासावी, एवढी शिस्त तरी आपण स्वतःला लावून घेतली पाहिजे. इथे दोष सरकारचा नाही. सरकारचा दोष दुसरीकडे आहे: १५ ऑगस्ट २०२५ पासून तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा फास्टॅगचा वार्षिक पास निघाला, तो घेऊन आनंदाने समृद्धीवर गेलेल्या मालकाच्या खात्यातून पथकर पूर्ववत कापला गेला, कारण पास राष्ट्रीय महामार्गांचा आणि समृद्धी राज्याची. केंद्राचा डांबरी रस्ता कुठे संपतो आणि राज्याचे काँक्रीट कुठे सुरू होते, हे चाकाला कळत नाही, माणसाला तरी कसे कळावे?

इंधनाचे सांगायचे तर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोपासून जसजसे पूर्वेला यावे तसतसा वाहतुकीचा खर्च भावात मिसळत जातो, म्हणून परभणीचे नाव राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलसाठी वर्तमानपत्रांत गाजते आणि आम्ही त्याच वाटेवर बसलेलो आहोत. त्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने कमी, त्यामुळे जुन्या गाडीचा अ‍ॅव्हरेज थोडा घटतो हे सरकारी खुलाशातही मान्य केलेले आहे; ते हवेतला ओलावाही ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अधूनमधून चालवावी. गंमत अशी की घनसावंगीचा ऊस उत्पादक ज्या इथेनॉलच्या आशेवर उसाला चार पैसे जास्त मागतो, तेच त्याच्या मोटारीच्या टाकीत येऊन अ‍ॅव्हरेज कमी करते, आणि तो दोन्ही बाजूंचा हिशेब कधी एकत्र मांडत नाही. शासनाने तरी तो मांडावा आणि जुन्या गाड्यांसाठी साधे पेट्रोल पंपावर वेगळे ठेवावे, किंवा निदान भावात सवलत द्यावी.

सरकार आणि रस्ता यांच्यापासून सुटून मोटार एकदाची घरी येऊन उभी राहिली, की तिथेही तिला स्वास्थ्य नसते. जालन्यात नळाला पाणी कितव्या दिवशी येईल याची चर्चा जिथे घराघरांत चालते, तिथे बादलीभर पाण्याने मोटार धुणे हे शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपते, आणि खुपले पाहिजे. म्हणून आमच्याकडच्या मोटारी ओल्या फडक्याने पुसलेल्या, धुळीचे नकाशे अंगावर वागविणाऱ्या असतात. मग उंदीर. सोयाबीन-कापूस घरात येऊन पडला की थंडीच्या दिवसांत इंजिनाच्या उबेला उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात; तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, फिनेल, सर्व उपाय करून झाले तरी येतात. परवा गाडी सुरू होईना म्हणून आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला बोलावले; त्याने एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, तर आत सरकीसकट कापसाचे मऊ, गोल घरटे, त्यात शेंगांची टरफले, आणि एका कोपऱ्यात करंगळीएवढी लालसर पिले. मिस्त्री हात पुसत म्हणाला, “काका, हप्ते तुम्ही भरले, पण राहायला कोण आलंय बघा.” त्याने घरटे अलगद कागदावर उचलून कुंपणापलीकडे ठेवले आणि बिलात वायरिंगचे पैसे लावले.

उंदरांचा बंदोबस्त एक वेळ होईल. मागणाऱ्यांचा होत नाही. गल्लीत एकाच्या दारी मोटार आली की ती गल्लीची होते, आणि यात तक्रारीपेक्षा आपल्या समाजाचा चांगुलपणाच अधिक आहे, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. अडल्यानडल्या बाळंतिणीला, साप चावलेल्या गड्याला मध्यरात्री दवाखान्यात पोहोचविताना कोणीही पेट्रोलचा हिशेब करीत नाही, करू नये. पण त्याच आधारावर लग्नसराईत, “दादा, नवरदेवाला तुमचीच गाडी लागते, डिझेल आम्ही टाकू,” असा निरोप येतो आणि गाडी अक्षतांनी, गुलालाने आणि बॉनेटवर चिकटविलेल्या फुलांच्या चिकटपट्टीने माखून परतते, तेव्हा टाकी रिकामी, सीटवर आइस्क्रीम आणि क्लच प्लेटचा वास नाकात. नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हटले तर ‘गाडी आली आणि माणूस बदलला’ हा शेरा कायमचा बसतो. गाडी देताना धन्याच्या मनात खरी भीती असते ती वेगळीच: चालविणाऱ्याकडे लायसन नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम धन्याकडून वसूल करू शकते, वर दंड आहेच, आणि चालविणारा अल्पवयीन निघाला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद धन्याच्या किंवा पालकाच्या वाट्याला येते. भाच्याला “लायसन दाखव” म्हणणे मामाच्या जिवावर येते, पण ते म्हणावे, असेच आमचे मत आहे.

आता यातले किती टळण्यासारखे आहे? उंदीर, भाचे आणि काळी माती ही प्रारब्धाची गोष्ट समजू. परंतु कर्जाची शेवटची कवडी पोहोचताच धनकोनेच बोजा परस्पर उतरवावा, असा हुकूम काढणे परिवहन खात्याला अशक्य नाही. मोटारीच्या विक्रीची खबर तालुक्याच्या गावीच, सेतू केंद्रात, दोघांचे अंगठे घेऊन त्याच दिवशी नोंदवून घेणेही अशक्य नाही, म्हणजे टपरीवरच्या बाँडाची गरजच संपेल. या सुधारणा पाहिजेत, आणि त्या होतीलही.

त्यांच्यापेक्षा अधिक तातडीची गोष्ट मोटारमालकांच्या सभेत कोणी मागणार नाही, म्हणून इथे मागतो. जालन्याच्या बसस्थानकातून रात्री नऊनंतर उरलेल्या सातही तालुक्यांच्या गावी एकेक एस. टी. हमखास सुटावी, पाऊस असो की यात्रा, आणि ती वाटेतल्या फाट्यांवर थांबावी. सात गाड्या, सात चालक, सात वाहक. ज्याच्याकडे मोटार नाही त्याला ती घेण्याची सक्ती होणार नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला ती आठवड्यातून चार दिवस दारात उभी ठेवता येईल. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत आमदारांपैकी कोणी तरी ही मागणी लेखी ठेवावी, आणि एस. टी.च्या विभाग नियंत्रकांनी तिला कोणत्या तारखेपासून होकार देता येईल ते याच वर्तमानपत्रातून जिल्ह्याला कळवावे.